'रेड एन्साइन' (१९३४): कोट्यासाठी काढलेला चित्रपट, की कोट्याची वकिली करणारा चित्रपट?

जुनीरीळ

मंडळी, नमस्कार.

ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल पॉवेल याचे नाव निघाले की आपल्याला 'ब्लॅक नार्सिसस' आणि 'द रेड शूज' आठवतात. त्याआधी, म्हणजे १९३१ ते १९३६ या काळात, याच माणसाने वीसहून अधिक छोटे आणि कमी खर्चाचे चित्रपट भराभर उरकले होते, याची फारशी चर्चा होत नाही. त्यांतला 'रेड एन्साइन' मी नुकताच पाहिला. लांबी अवघी ६९ मिनिटे. अमेरिकेत तो 'स्ट्राइक!' या नावाने दाखवला गेला.

कथानक थोडक्यात असे आहे. डेव्हिड बार (लेस्ली बँक्स) हा स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीकाठच्या एका जहाजबांधणी कारखान्याचा कारभारी आहे. मंदीमुळे कारखान्याला काम नाही. बारने एका नव्या धर्तीच्या, किफायतशीर मालवाहू जहाजाचा आराखडा तयार केला आहे आणि मागणी हातात नसतानाच अशी जहाजे बांधायला घ्यावीत, असा त्याचा हट्ट आहे, कारण ब्रिटिश जहाजांना संरक्षण देणारा कायदा सरकारला आज ना उद्या आणावाच लागेल, असे त्याला वाटते. संचालक मंडळ नकार देते. मॅनिंग नावाचा प्रतिस्पर्धी जहाजमालक टपून बसलेला असतो. स्वतःची पुंजी संपल्यावर बार संचालक मंडळातल्या लॉर्ड डीनची खोटी सही करतो आणि तुरुंगात जातो. शेवटी जहाज पाण्यात उतरतेच.

माझा प्रश्न असा आहे. त्या काळात ब्रिटनमध्ये देशी चित्रपटांचा ठरावीक वाटा ('कोटा') दाखवण्याची सक्ती होती आणि त्या सक्तीपोटी असे शेकडो स्वस्त चित्रपट निघाले. 'रेड एन्साइन' त्याच व्यवस्थेत जन्मलेला आहे आणि त्याचा नायक मात्र जहाजांसाठी तशाच संरक्षणाची मागणी करतो आहे. अशा सक्तीतून निघालेल्या चित्रपटांना आपण चित्रपट म्हणून किती मोल द्यावे? जाणकारांनी लिहावे.

पडदानशीन

प्रामाणिक माणूस, देशासाठी जहाज, खोटी सही आणि शेवटी तुरुंग. आपल्याकडे निघाला असता तर यात अंध आई आणि सहा गाणी वाढली असती आणि ६९ मिनिटांत जेमतेम मध्यंतर झाले असते.

काटेकोर

ज्या सक्तीचा उल्लेख झाला आहे तिची चौकट आधी स्पष्ट करतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

१९२० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनमधल्या पडद्यांवर दिसणाऱ्या चित्रपटांत ब्रिटिश चित्रपटांचे प्रमाण अगदी किरकोळ झाले होते आणि बाकी सारा बाजार हॉलीवूडच्या हातात होता. त्यावर उपाय म्हणून १९२७ चा चित्रपट कायदा आला. वितरकांनी आपल्या मालापैकी साडेसात टक्के आणि चित्रपटगृहांनी पाच टक्के ब्रिटिश चित्रपट ठेवलेच पाहिजेत, अशी सुरुवात झाली आणि हे प्रमाण टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांपर्यंत वाढवायचे ठरले. चित्रपट ब्रिटिश ठरण्यासाठी कंपनी ब्रिटिश हवी, चित्रीकरण साम्राज्यातल्या स्टुडिओत व्हावे, पटकथालेखक ब्रिटिश प्रजाजन असावा आणि मजुरी-मानधनाचा मोठा वाटा ब्रिटिश प्रजाजनांना मिळावा, अशा अटी होत्या.

यात एक अट नव्हती आणि सारा घोळ तिथेच झाला: चित्रपट बरा असला पाहिजे, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नव्हते. अमेरिकन कंपन्यांच्या लंडनमधल्या कचेऱ्यांनी मग छोट्या निर्मात्यांना फुटाच्या भावाने कामे दिली. एका फुटाला एक पौंड हा रूढ दर होता. सहा हजार फुटांचा, म्हणजे साधारण सव्वा तासाच्या आतला चित्रपट, सहा हजार पौंडांत. कापड मापून द्यावे तसा हा व्यवहार होता.

मात्र मूळ धाग्याला एक पुरवणी जोडतो. 'रेड एन्साइन' हा या फुटाच्या भावातला चित्रपट नव्हे. तो गोमाँ-ब्रिटिश या मोठ्या ब्रिटिश कंपनीसाठी निघाला. जेरोम जॅक्सन हा निर्माता आणि पॉवेल अशी जोडी तिथे काम करत होती आणि 'द फायर रेझर्स' हा चित्रपटही त्याच करारातला आहे. त्यामुळे त्याला कमी खर्चाचा म्हणावे, पण वितरकाची कागदोपत्री पूर्तता करणाऱ्या मालाच्या रांगेत त्याला बसवणे मला मान्य नाही.

आरामखुर्ची

काटेकोर यांनी फरक दाखवला हे बरे केले, पण प्रेक्षकाला तो फरक कितपत जाणवत होता? या चित्रपटांची इतकी बदनामी झाली होती की लंडनच्या काही चित्रपटगृहांत ते सकाळी, झाडलोट चालू असताना लावत, असे सांगतात. पडद्यावर नायक-नायिका प्रेमाच्या आणाभाका घेत आहेत आणि खाली रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांतून सफाई करणाऱ्या बायका बादल्या सरकवत आहेत! कायद्याने 'दाखवा' म्हटले होते, 'पाहणारे असू द्या' असे म्हटले नव्हते.

मी यांतले काही चित्रपट पाहिले आहेत. एका दिवाणखान्यात चार माणसे उभी राहतात आणि एकामागून एक वाक्ये म्हणतात. कॅमेरा हलत नाही, कारण हलवायला वेळ नाही. कुणी अडखळले तरी पुन्हा घेत नाहीत, कारण फिल्म महाग. पॉवेल पुढे मोठा झाला म्हणून आपण त्याच्या बालपणीच्या पाटीवरची अक्षरे कौतुकाने बघतो आहोत. दिग्दर्शकाचे नाव झाकून हा चित्रपट दाखवला असता, तर हा धागा निघाला असता का, याचा विचार व्हावा.

सुलेखा_वाचते

आरामखुर्ची, मी नाव झाकूनच पाहिला असे समजा, कारण पाहताना दिग्दर्शक कोण हे माझ्या ध्यानात नव्हते. तरीही दोन गोष्टी ठसल्या.

पहिली म्हणजे लेस्ली बँक्सचा चेहरा. पहिल्या महायुद्धातल्या दुखापतीमुळे त्याच्या चेहऱ्याची एक बाजू अंशतः लुळी पडली होती. तो एका बाजूने दिसतो तेव्हा समजूतदार, बोलका गृहस्थ वाटतो आणि मान वळवली की तोच माणूस कठोर, जवळजवळ भीतिदायक होतो. डेव्हिड बारसारख्या पात्राला हे किती शोभते पाहा. हा नायक चांगला आहे की नुसता हटवादी आहे, हे शेवटपर्यंत नक्की सांगता येत नाही. तो कामगारांवर प्रेम करतो, पण त्यांना विचारत नाही. देशासाठी झटतो, पण खोटी सही करताना फारसा कचरत नाही. याच बँक्सने १९३२ मध्ये 'द मोस्ट डेंजरस गेम'मध्ये माणसांची शिकार करणारा काउंट रंगवला होता, हे लक्षात घेतले तर त्याला इथे नायक म्हणून घेणे हा साधा निर्णय वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पगाराला पैसे उरलेले नसताना बार कामगारांसमोर भाषण करतो, तो प्रसंग. या काळातल्या बोलपटांत भाषण म्हटले की नट प्रेक्षकांकडे तोंड करून नाटकी सुरात बोलतो. इथे ऐकणाऱ्यांचे चेहरेही तितकेच महत्त्वाचे ठरतात. थकलेले, संशयी, एकमेकांकडे बघणारे ते चेहरे पाहताना हा दिवाणखाना नाही, हे कळते. कारखान्याची दृश्ये प्रत्यक्ष क्लाइडकाठी घेतली आहेत, त्याचा हा परिणाम असावा. स्टुडिओत उभारलेल्या संचालकांच्या बैठकीचे दृश्य आणि हे दृश्य यांच्यातली तफावत डोळ्यांत भरते. ती पैशांच्या ओढाताणीतून आली असली तरी कथेला उपकारकच ठरते, कारण ती दोन जगे वेगळीच दिसायला हवीत.

नायिका ज्यूनचे (कॅरल गुडनर) पात्र मात्र वाया गेले आहे. तिच्या हातात कारखान्याचे भवितव्य आहे आणि पटकथा तिला कुणाशी लग्न करायचे एवढाच विचार करायला लावते.

ग्लासगोकर

मी बरीच वर्षे याच नदीकाठी राहतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

हा चित्रपट १९३४ च्या प्रेक्षकाने पाहिला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक खरे जहाज होते. क्लाइडबँक इथल्या जॉन ब्राउन कारखान्यात कुनार्ड कंपनीसाठी ५३४ क्रमांकाचे प्रचंड प्रवासी जहाज बांधले जात होते. डिसेंबर १९३१ मध्ये पैसा आटला, काम थांबले आणि हजारो माणसे घरी बसली. दोन वर्षांहून अधिक काळ तो अर्धवट सांगाडा गावाच्या माथ्यावर गंजत उभा होता; घराच्या खिडकीतून पाहावे तर तोच दिसायचा. कुनार्डने व्हाइट स्टार या प्रतिस्पर्धी कंपनीबरोबर विलीन व्हावे, या अटीवर सरकारने कर्ज दिले आणि एप्रिल १९३४ मध्ये कामगार बॅगपाइपच्या सुरात मिरवत कामावर परतले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जहाज पाण्यात उतरले आणि त्याचे नाव 'क्वीन मेरी' असे जाहीर झाले. त्यामुळे 'थांबलेले काम पुन्हा सुरू होते' या शेवटाला आज आपण भाबडा म्हणू शकतो, पण त्या वर्षी क्लाइडबँकच्या माणसाला तो भाबडा वाटला नसेल.

याची दुसरी बाजू अधिक कडू आहे. डेव्हिड बारच्या अगदी उलट धोरण खरे कारखानदार राबवत होते. १९३० मध्ये त्यांनी एकत्र येऊन 'नॅशनल शिपबिल्डर्स सिक्युरिटी' नावाची कंपनी काढली. तिचे काम जहाजे बांधण्याचे नव्हतेच. 'जास्तीचे' कारखाने विकत घ्यायचे, बंद करायचे आणि मोडीत काढायचे, हे तिचे काम होते. डालमुअर इथला बियर्डमोरचा कारखाना आणि इंग्लंडमधल्या जॅरो गावचा पामर्सचा कारखाना असेच गेले. जॅरोच्या बेकारांनी १९३६ मध्ये लंडनपर्यंत पायी मोर्चा नेला, तो सर्वांना माहीत असतो. त्यामागचे हे कारण क्वचितच सांगितले जाते.

चित्रपटाने खलनायक म्हणून मॅनिंगला, म्हणजे एका दुष्ट व्यक्तीला उभे केले. खरे खलनायक बार बसतो त्याच प्रकारच्या टेबलाभोवती बसले होते आणि त्यांनी केलेले सगळे कायदेशीर होते. तिथे हा चित्रपट कचरला, असे माझे मत आहे.

क्लाइडबँकला आता कारखाना नाही. १९०७ साली उभारलेली टायटन ही अजस्र यारी (क्रेन) तेवढी ठेवली आहे.

पडदानशीन

म्हणजे चित्रपटात खोटी सही करणारा तुरुंगात गेला आणि खऱ्या सह्या करून कारखाने मोडणारे घरी गेले. पटकथेपेक्षा वास्तव धाडसी निघाले.

खाडीकाठ

ग्लासगोकरांनी जहाज बांधणाऱ्यांचे लिहिले, मी जहाज चालवणाऱ्यांचे लिहितो. हे अवांतर नाही, कारण चित्रपटाचे नावच मुळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर फडकणाऱ्या लाल निशाणाचे आहे.

त्या निशाणाखाली काम करणाऱ्या खलाशांपैकी सुमारे चौथा हिस्सा त्या दशकाच्या अखेरीस आपल्या उपखंडातला होता. डेकवरच्या कामाला रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान, अरुंद जागेत जेवण रांधायला आणि सलूनमध्ये (बोटीच्या भोजनकक्षात) वाढायला गोव्याचे लोक, बॉयलरजवळ पंजाब आणि सिल्हेटचे आगवाले, अशी साधारण वाटणी असे. गोव्याहून येणारे खलाशी मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या 'कूड'मध्ये उतरत आणि बोट मिळेपर्यंत तिथेच राहत. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका आणि करारही वेगळाच.

आमच्या खाडीकाठच्या गावांत जुन्या पेट्यांतून अजूनही त्या वेळचे नोकरीचे दाखले निघतात. बोटीचे नाव, चढल्या-उतरल्याच्या तारखा, हुद्दा 'सारंग' किंवा 'तांडेल', आणि शेवटी दोन शिक्के: कामातले कौशल्य 'अतिशय चांगले', वर्तन 'अतिशय चांगले'. इंग्रजीत नाव तीन बोटींवर तीन प्रकारे लिहिलेले. त्या माणसाने सही म्हणून अंगठा उठवलेला असतो.

म्हणून बारसाहेब ब्रिटिश जहाजांबद्दल तळमळीने बोलू लागतात तेव्हा मला प्रश्न पडतो की ते जहाज पाण्यात उतरल्यावर त्यावर चढणार कोण? चित्रपट जहाज पाण्यात सोडून थांबतो. त्यापुढची गोष्ट राजापूर आणि दाभोळच्या माणसांची आहे, आणि ती या चौकटीत कुठेच दिसत नाही.

सुलेखा_वाचते

खाडीकाठ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. यावर स्वतंत्र धागा अवश्य काढावा.

काटेकोर

खाडीकाठ यांच्या मुद्द्याला कायद्याचाच आधार आहे. बारने ज्या कायद्यावर भिस्त ठेवली होती, तसा कायदा १९३५ मध्ये खरोखर आला. त्यात मालवाहू जहाजांच्या मालकांना वीस लाख पौंडांचे साहाय्य होते आणि जुनी जहाजे मोडून नवी बांधणाऱ्यांना कर्जाची सोय होती. म्हणजे चित्रपटाने दाखवलेली आशा वर्षभरात अंशतः खरी ठरली. परंतु साहाय्य घेणाऱ्या जहाजांवर ब्रिटिश खलाशांना प्राधान्य द्यावे, अशी अट त्याला जोडलेली होती. कार्डिफ बंदरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या अनेक काळ्या, अरब आणि आशियाई खलाशांची नोंद १९२५ च्या एका हुकुमामुळे 'परकीय' अशी झालेली होती. ते साम्राज्याचे प्रजाजन असले तरी कागदाने त्यांना परके ठरवले आणि त्यांची कामे गेली.

आरामखुर्ची

संरक्षण म्हटले की 'कुणाचे' हा प्रश्न ओघाने आलाच. आता आपल्या अंगणात येऊ या का? मराठी चित्रपटाला शासनाचे अनुदान मिळते. चांगल्या हेतूने सुरू झालेल्या त्या योजनेवर डोळा ठेवून काढलेले चित्रपट आपण सर्वांनी पाहिले आहेत. निदान त्यांची भित्तिपत्रके तरी पाहिली आहेत. एका पौंडाला एक फूट, दुसरे काय!

जुनीरीळ

तुलना पटते, पण अर्धीच. आपल्याकडे अनुदानासाठी परीक्षण समिती चित्रपट पाहून 'अ' किंवा 'ब' दर्जा ठरवते. समितीचे निर्णय पटोत वा न पटोत, दर्जा तपासायचा हे तत्त्व त्यात आहे. ब्रिटिश कायद्यात तेच नव्हते. १९३६ मध्ये लॉर्ड मॉइन यांच्या समितीने नेमके हेच बोट ठेवले आणि दर्जाची परीक्षा घ्यावी असे सुचवले. सरकारने १९३८ च्या कायद्यात मात्र दर्जाऐवजी किमान खर्चाची अट घातली, कारण दर्जा ठरवणे वादाचे आणि खर्च मोजणे सोपे.

नर्मदातीर

धाग्यावर उशिरा आले. काटेकोर यांनी 'साम्राज्यातल्या स्टुडिओत' असे लिहिले आहे, त्याकडे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. त्या कलमानुसार मुंबई किंवा कोल्हापूरला निघालेला चित्रपटही लंडनमध्ये तत्त्वतः 'ब्रिटिश' ठरू शकत होता! कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हिक्टोरिया इथे तर याच सवलतीसाठी चित्रपट निघाले आणि रिटा हेवर्थने त्यांत कामे केली. १९३८ च्या कायद्याने ही वाट बंद केली.

याचा उलटा प्रयत्नही झाला. साम्राज्यातल्या चित्रपटांना हिंदुस्थानातही प्राधान्य मिळावे, असा विचार लंडनमध्ये चालू होता आणि १९२७-२८ मध्ये दिवाणबहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने त्याची चौकशी केली. दादासाहेब फाळके यांनीही त्या समितीपुढे साक्ष दिली होती. समितीने साम्राज्याच्या चित्रपटांना असे झुकते माप द्यायला नकार दिला आणि मदत करायचीच तर देशी चित्रपटांना करा, असा कौल दिला. म्हणजे हॉलीवूडविरुद्ध लंडनने जी ढाल उचलली, तिच्याआडून आपल्या बाजारात शिरण्याचा मार्ग इथल्या लोकांनी वेळीच ओळखला.

ग्लासगोकर

नर्मदातीर, हे वाचून आनंद झाला. मूळ प्रश्नाकडे वळतो. सक्तीमुळे वाईट चित्रपट निघाले हे खरेच. पण त्याच सक्तीमुळे स्टुडिओ चालू राहिले, छायाचित्रक, ध्वनिमुद्रक, संकलक यांना रोजचे काम मिळाले. बोलपट नुकताच आला होता. हिचकॉकचा 'ब्लॅकमेल' १९२९ चा. ध्वनीचे तंत्र शिकायला कुणालाही कारखानाच हवा होता, आणि तो या स्वस्त चित्रपटांनी पुरवला. व्हिव्हियन ली, जेम्स मेसन, एरॉल फ्लिन यांची सुरुवातीची कामे अशाच चित्रपटांत आहेत. एका पगारावर वर्षाला चार-पाच चित्रपट करणाऱ्या पॉवेलला कुठल्या शाळेने इतका सराव दिला असता?

आरामखुर्ची

शाळा मान्य, पण शाळेच्या वह्या आपण ग्रंथालयात ठेवत नाही.

काटेकोर

ठेवायला हव्या होत्या, हीच तर अडचण आहे. कुणी ठेवल्या नाहीत. २०१० मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ७५ बेपत्ता चित्रपटांची यादी जाहीर केली, तीत पॉवेलचा पहिलाच चित्रपट 'टू क्राउडेड अवर्स' (१९३१) आहे. त्याचे त्या काळातले आणखी कितीतरी चित्रपट उरलेले नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म पेट घेते, कुजते, आणि तिच्यातली चांदी काढून विकता येते. कोट्याची नोंद झाल्यावर प्रत जपण्यात कुणाला रस असणार? वह्या वाईट होत्या असे आपण म्हणतो, पण आपण वाचलेल्या वह्या या निव्वळ योगायोगाने वाचलेल्या आहेत.

जुनीरीळ

सर्वांचे आभार. एवढ्या चर्चेनंतर माझे मत थोडे पक्के झाले आहे. 'रेड एन्साइन' मला आवडतो तो बारच्या विजयासाठी नव्हे, तर बारच्या घाईसाठी. पगाराला पैसे नाहीत, वेळ नाही, वरचे लोक नको म्हणत आहेत आणि तरी काम पुढे रेटायचे, ही अवस्था अठ्ठाविशीतल्या पॉवेलला रोजची होती. त्यामुळे कारखान्यातली दृश्ये जिवंत आहेत आणि प्रेमप्रसंग मेलेले आहेत. खाडीकाठ आणि ग्लासगोकर यांनी दाखवलेल्या उणिवा त्या प्रसंगांपेक्षा मला मोठ्या वाटतात, कारण तिथे चित्रपटाला दिसत असूनही त्याने पाहिलेले नाही.

सुलेखा_वाचते

ज्यांना पाहायचा आहे त्यांच्यासाठी: काही वर्षांपूर्वी एका डीव्हीडी संचात 'रेड एन्साइन' आणि पॉवेलचाच 'द फँटम लाइट' (१९३५) एकत्र निघाले होते. दुसरा वेल्सच्या किनाऱ्यावरच्या दीपगृहात घडतो, रहस्य आणि विनोद दोन्ही आहेत आणि आरामखुर्ची यांना कॅमेरा हलताना पाहायचा असेल तर त्यांनी आधी तो लावावा.

आरामखुर्ची

लावतो. झाडलोट आधी उरकून घेतो.